पंपावरचा डबा

दाजी मूर्ख होता. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण मी ठेवणार. माझ्याशिवाय त्याला शिव्या घालणारं इथं आहे कोण?

गल्लीच्या अलीकडच्या घरांत आम्ही, पलीकडच्या घरांत शत्रू, आणि मधल्या अंगणात एकच हातपंप. दुपारी जेवणाच्या वेळी दोन्हीकडच्या बंदुका गप्प असायच्या. तेवढ्यात एकेकानं जाऊन पाणी भरून आणायचं. कुणी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप पडलेली रीत होती.

पंपाचा वॉशर झिजलेला. वरून डबाभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी धरायचाच नाही. लष्करात येण्याआधी मी प्लंबर होतो, दुखणं मला दिसत होतं, पण नवा वॉशर आणू कुठून? म्हणून पाणी भरून झालं की जाताना पुढच्यासाठी डबा भरून ठेवायचा. मग तो पुढचा आमचा असो की त्यांचा.

एकदा त्यांच्यातल्या कुणीतरी डबा रिकामाच ठेवला. माझं डोकंच फिरलं. तिथंच उभा राहून मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा समोरच्या दारातून एक टकल्या, हातात पाण्याची बाटली घेऊन, हसत हसत आला.

"आलो, आलो! घसा कशाला फोडतोस?" बाटली पंपात ओतत म्हणाला. "शिव्या ओळखीच्या वाटल्या. माझी बायको अश्शाच देते. तू तिच्या गावचा दिसतोस."

निघालो खरंच तिच्या गावचा. मग काय, मी त्याचा मेहुणा आणि तो माझा दाजी. आधी चिडवायला म्हणत होतो, नंतर तोंडातच बसलं.

दाजी शिंपी होता. पंपाच्या कट्ट्यावर बसून त्यानं माझ्या शर्टाची फाटलेली बाही शिवून दिली. वर "टाका बघ, तुमच्या सरकारला जमणार नाही असा," म्हणाला. घरी एक लेक होती. "युद्ध संपलं की ये. पोरगी तुला मामा म्हणेल." मला सख्खी बहीण नाही. मला कधी कुणी मामा म्हटलेलं नाही. हे मी त्याला सांगितलं नाही, उलट म्हणालो, "आधी वॉशरचं बघ, मोठा आला शिंपी!"

"बुटाची जीभ कापून देतो तुला वॉशर. मेहुण्याचे हट्ट पुरवावेच लागतात."

"मग पाणी ओतायला तू नकोस. मी असताना कशाला येशील इकडे?"

"शिव्या खायला."

मग आमच्याकडे नवा साहेब आला. वरच्या खिडकीतून त्यानं अंगण पाहिलं आणि म्हणाला, "आपलं पाणी उद्यापासून गाडीनं येईल. पंपाकडे जो फिरकेल त्याला टिपायचं."

"साहेब, ते नुसते पाणी भरायला येतात."

"म्हणून तर सोपं आहे."

त्या दुपारी शेवटचं पाणी आणायला माझ्यासोबत पहारेकरी दिला. हाक मारायची सोय नाही. मी डबा ओतून टाकला आणि पालथा घातला. ओतायला पाणी नाही म्हणजे पंप चालणार नाही, पंप चालणार नाही म्हणजे दाजी येणार नाही. काय पण प्लंबरचं डोकं!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी समोरचं दार उघडलं. दाजी! हातात बाटली! मी खिडकीत धावलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मागे फिर, हरामखोरा! परत जा! मरशील!"

तो हसला. पालथ्या डब्याकडे बघून त्यानं बाटली उंच धरून दाखवली.

"आलो, आलो! घसा कशाला फोडतोस, मेहुण्या?"

शेजारच्या खिडकीतून गोळी सुटली. बाटली लवंडली, पाणी कट्ट्याखाली गेलं. तो उठला नाही.

ओरडल्याची शिक्षा म्हणून साहेबानं त्याचे खिसे तपासायला मलाच पाठवलं. खिशात कातड्याचा वॉशर होता, काठ घासून घासून गुळगुळीत केलेला. डाव्या बुटाला जीभ नव्हती.

पलीकडची घरं आता आमची आहेत. काल मी पंप उघडून वॉशर बसवला. अगदी बरोब्बर मापाचा निघाला, मेला. पहिल्याच हिसक्याला पाणी आलं. साहेब म्हणाला, "शाब्बास."

डब्याची आता कुणाला गरज नाही. तरी आज दुपारी मी तो मुद्दाम रिकामा ठेवला आणि अंगणात उभा राहून दाजीला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. समोरचं दार उघडंच होतं. कुणी आलं नाही.