न घासलेली कड

“दुखतंय का?” पायवाल्याने विचारलं. विचारताना वर पाहिलंसुद्धा नाही.

“नाही.”

“मग उभा काय राहिलास? चाल.”

दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून ड्रायव्हर चालू लागला. गुडघ्याखालचा नवा कृत्रिम पाय त्याला आज पहिल्यांदा बसवला होता. असे पाय बनवण्यात पायवाल्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, वस्तीने त्याला नावच ते दिलं होतं. पण या पायाच्या पेल्यात, जिथे उरलेला पाय टेकतो नेमकी तिथली कड त्याने घासली नव्हती. मुद्दामच.

याच माणसाने दारूच्या नशेत ट्रक अंगावर घालून पायवाल्याचा एकुलता एक मुलगा मारला होता. त्याच अपघातात याचा पाय गेला. आणि तुरुंगातून सुटून आला तो सरळ पायवाल्याच्याच दुकानात! जगात दुसरी दुकानं काय बंद पडली होती? त्याला पाहताच पायवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत ‘आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही क्षमेची ओळ आली, की पायवाला ओठ घट्ट मिटून घ्यायचा. शेजारी बायको तेवढी ओळ जरा मोठ्याने म्हणायची, दोघांच्या वाटची.

“देवासमोर खोटं बोलणं मला जमायचं नाही,” तो तिला ठणकावून सांगे.

ड्रायव्हर वळून परत आला. पेल्याच्या काठावर उरलेल्या पायावरचा मोजा लाल झाला होता.

“रक्त येतंय, आणि दुखत नाही म्हणतोस?”

“दुखू दे, दादा. मला दुखायलाच पाहिजे.”

“दादा कुणाला म्हणतोस? तू लंगडलास म्हणून माझं पोर परत येणार आहे का? त्याच्या नावाने तुझं दुखणं मिरवू नकोस. बस खाली!”

पायवाल्याने पाय ओढून काढला आणि जखम धुवायला घेतली. मुलाचे फुटलेले गुडघे तो असेच धुवायचा. सवयीने फुंकर घालायला ओठ पुढे झाले, आणि त्याला स्वतःचाच भयंकर संताप आला.

“ती कड मी ठेवली होती,” तो म्हणाला.

“माहीत आहे. घालायच्या आधी मी हात फिरवून पाहिला होता.”

पायवाल्याने कानस घेतली आणि कड घासायला बसला. डोळ्यांतलं पाणी त्याने बाहीला पुसलं, आणि “काय बघतोस?” म्हणून ड्रायव्हरवर खेकसला.

रविवारी प्रार्थना सुरू झाल्यावर मागून कुणीतरी उशिरा आत आलं. पायवाल्याने मान वळवली नाही. पावलं त्याने ओळखली. नव्या पायाची टाच जड पडत होती. उद्या ती नीट करायला बोलवावं लागणार मेल्याला.

क्षमेची ओळ आली. बायकोने नेहमीसारखा श्वास भरून घेतला, आणि तिला शेजारून आवाज ऐकू आला. घोगरा, दात आवळलेला, भांडणाला उभं राहिल्यासारखा.

ती गप्प राहिली. तेवढी ओळ तिने त्याला एकट्यालाच म्हणू दिली.