कोरफडीचं पिवळं पाणी

उद्या सकाळी कारखान्यात हजर व्हायचं होतं आणि मुंगळा अजून अंगावरून सुटला नव्हता. मुंगळा म्हणजे शर्टांच्या कारखान्यातल्या कॉलरवालीचा दीड वर्षाचा मुलगा. गुळाला चिकटावा तसा आईला चिकटायचा, म्हणून आजीने हे नाव ठेवलेलं. वाटीतलं दूध थुंकायचा, बाटली भिरकावायचा आणि आईचं प्यायल्याशिवाय डोळा लावायचा नाही. मुकादमबाईंनी निरोप धाडला होता, सोमवारी आलीस तर मशीन तुझं. नाहीतर शर्टांना कॉलर लावायला दारात दुसऱ्या पुष्कळ उभ्या आहेत.

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तेच पातेलं तिने दोनदा घासलं, दुपट्यांच्या घड्या घातल्या आणि पुन्हा मोडल्या. सासूबाईंचं महिनाभर एकच पालुपद होतं, कोरफड लाव, एक घाव दोन तुकडे. नणंद फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती. नवरा ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून केस कापायला पसार झाला. डोक्यावर केस किती, हा प्रश्न अलाहिदा.

शेवटी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीतलं एक जाड पान बुडापासून कापलं आणि कपात उभं करून ठेवलं. निथळलेलं पिवळं पाणी मोरीत ओतलं. पान धुतलं, कडेचे काटे तासले, साल काढली, आतला गर छातीला चोपडला आणि पोराला जवळ घेतलं. मुंगळा मजेत प्यायला. वर मिटक्याही मारल्या.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, कडू असतं ते त्या पिवळ्या पाण्यात. तेच ओतून दिलंस?"

चेहऱ्याला लावताना खाज सुटू नये म्हणून ते नेहमीच काढून टाकते, सवयीने झालं, असं ती म्हणाली. सासूबाईंनी ऐकून घेतलं. पण ते पाणी ओतताना तिला किती हायसं वाटलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

दुपारी तिने दुसरं पान कापलं आणि कापलेली बाजू तशीच छातीवर दाबली. पिवळा डाग पडला. आता आकांत होणार, म्हणून आधीच खिडकी लावून घेतली. मुंगळा आला, गाऊन ओढला, तोंड लावलं आणि लगेच वाकडं केलं. तो रडला मात्र नाही. आधी डागाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आई, बाऊ?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्याने गाल फुगवले आणि डागावर फुंकर घातली. वाऱ्यापेक्षा थुंकीच जास्त उडाली. मग दोन्ही हातांनी तिचा गाऊन ओढून नीट झाकला आणि तिच्या दंडावर डोकं टेकवून झोपून गेला.

दाराआडून सासूबाईंनी हळूच विचारलं, सुटला का?

"सुटला," ती म्हणाली आणि वळून बघितलं नाही. दूध दाटून गाऊन भिजत होता आणि ती तोंड दाबून रडत होती. जरा जरी हट्ट केला असता, तर तिने सगळं पुसून त्याला पुन्हा जवळ घेतलं असतं. पोराने तेवढंही निमित्त दिलं नाही.