बुधवारचं तिसरं ताट

महिन्याच्या पहिल्या बुधवारी यवतेश्वराचा घाट चढून हरणाबाईच्या खानावळीत जेवायला जायचं, हा मधूचा नेम कोरोनाची वर्षं सोडली तर कधी चुकला नाही. बुधवारच का, याला तसं काही शास्त्र नव्हतं. सोमवार शंकराचा, मंगळवार त्याचा दोस्त गुंडा, त्याच्या घरी देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी मधूच्या बायकोचा, म्हणजे गोदावरीचा उपास. आणि तिचा उपास असला की तो सगळ्या घराला लागू. रविवार साऱ्या जगाचा मटणाचा, पण तिसरा दोस्त नाथाजी पडला म्हसवडचा. त्याच्या घरी रविवार सिद्धनाथाचा. देवांनी आपापले वार वाटून घेतल्यावर या तिघा दोस्तांच्या वाट्याला बुधवार तेवढा उरला होता.

नाथाजी यायचा थांबला त्याला आता सहा वर्षं झाली. म्हणजे रविवारी जायला कुणाची आडकाठी नव्हती. गुंडानं एकदा तसं बोलूनही दाखवलं. "आता कशाला बुधवार धरून बसतोस? रविवारी माजा थोरला गाडीनं सोडंल. कुंडलवरनं येस्टीनं येऊन माजं कंबरडं मोडतंय गड्या."

"बुधवारच," मधू म्हणाला. गुंडानं पुन्हा तो विषय काढला नाही.

तिघंही सातारच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात, एकाच खात्यात लेथ चालवून निवृत्त झालेले. ऐन उमेदीत त्यांनी आसपासच्या डोंगरातली एकही खानावळ सोडली नव्हती. मेढ्याला मासे, बामणोलीला गावरान कोंबडी, वाईच्या वरच्या अंगाला कुठंतरी पिठलं. शेवटी हरणाबाईच्या पत्र्याखाली येऊन टेकले ते टेकलेच. बाईचा कायदा कडक. सकाळी नवाच्या आत फोन करून ताटं सांगायची. जेवढी ताटं सांगाल तेवढंच शिजणार; आयत्या वेळी कलेक्टर आला तरी त्याला भाकरी मिळायची नाही. दर खेपेला फोनवर ती विचारायची, "दोन का तीन?" आणि 'दोन' म्हणून मधू घाईनं फोन ठेवायचा.

नाथाजी नव्हता म्हणून जेवण बेचव होतं असं नाही. हरणाबाईच्या हाताला दृष्ट लागावी अशी चव होती. पण मधूला नाथाजीची आठवण यायची ती फार बारीकसारीक गोष्टींनी. तो नेहमी भिंतीकडे तोंड करून बसायचा. खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसायचं, ते या दोघांना दिसावं म्हणून. "मला काय, मी दुष्काळी मानूस, मला पानी बघून भ्या वाटतं," असं वर म्हणायचा. पहिली भाकरी संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मधूचे दात गेल्यापासून भाकरीचा वरचा मऊ पापुद्रा न विचारता मधूच्या ताटात, कडा आपल्याकडे. मधूच्या सख्ख्या भावानं कधी एवढं बघितलं नव्हतं. आता मधू भाकरी रश्श्यात बुडवून मऊ होईपर्यंत वाट बघायचा आणि तेवढ्या वेळात त्याला नाथाजी फार फार हवासा वाटायचा.

आणि तो येत नव्हता ते आपल्यामुळे, हे मधूला पक्कं माहीत होतं.

झालं होतं असं. म्हसवडला नाथाजीच्या आळीत घराघरात वर्दीतल्या माणसांचे फोटो. नाथाजी स्वतः तरुणपणी भरतीला गेला तेव्हा उंचीत अर्धा इंच कमी भरला आणि परत आला. ती सल त्याला पोराकडून भरून काढायची होती. साईराज भरतीची तयारी करायला लागला तसा नाथाजी सिद्धनाथाला नवस बोलला, पोराच्या अंगावर वर्दी चढेपर्यंत मटणाला शिवणार नाही. मटणावर जीव टाकणारा माणूस. पण दोन वर्षं पाळलं. बुधवारी यायचा मात्र न चुकता. हे दोघं तांबडा रस्सा ओरपायचे आणि तो शेजारी बसून अख्खा मसूर खायचा.

अशाच एका बुधवारी नाथाजी हात धुवायला उठला आणि गुंडानं डोळा मारला. "वत की वाईच रस्सा. तुकडा न्हाई, निस्ता रस्सा. बघू तर ह्याला कळतंय का." कल्पना गुंडाची, पण हात मधूचा. त्यानं आपल्या वाटीतला तांबडा रस्सा अर्ध्याहून जास्त त्या मसुरात ओतला आणि चमच्यानं हलवून ठेवला. नाथाजी आला, जेवला, "आज मसूर झ्याक जमलाय," म्हणाला, वाटी पुसून खाल्ली आणि आणखी एक मागितली. हे दोघं गालातल्या गालात हसून बेजार. भरती झाल्यावर पेढे खाताना सांगू आणि शिव्या खाऊ, असं ठरलं.

चौथ्या दिवशी साईराज भरतीच्या मैदानात सोळाशे मीटर पळाला आणि दोन सेकंदांनी बाद झाला. वयाच्या मानानं ती शेवटची संधी होती.

मग सांगायचं कुठल्या तोंडानं? पुढच्या महिन्याच्या बुधवारी नाथाजी आला नाही. शेळी आजारी आहे म्हणाला. त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुणे. मग मधूनं कारणं विचारायचं सोडलं. मधू काही देवभोळा नव्हता. वाटीभर रश्श्यानं पळणाऱ्याचे पाय जड होत नाहीत हे त्याला कळत होतं. पण कळून उपयोग काय? मनात एकदा माशी पडली ती पडलीच. नाथाजीला कुठून तरी समजलं असणार, नाहीतर असा माणूस असा तुटत नाही, हे त्यानं धरूनच ठेवलं.

आणि गेल्या आठवड्यात मोबाइलवर पत्रिका आली. साईराजचं लग्न. खाली नाथाजीचा आवाज, एवढाच, "मधू, गुंडाला घिऊन यी." सहा वर्षांनी ऐकलेला तो आवाज मधूनं अकरा वेळा लावला. गोदावरी वैतागून म्हणाली, "अहो, पाठ झाला की मलासुद्धा! आता फोन करा त्यांना." मधूला वाटलं, त्या मांडवात आपण पंगतीला बसायचं कसं? नाथाजी आग्रहानं वाढणार आणि आपण खाली मान घालून जेवणार? त्यानं छातीवर दगड ठेवून फोन केला. "या बुधवारी ये. तुला एक सांगायचंय."

 मग नाथाजी म्हणाला, "येतो. मलाबी सांगायचंय."

बुधवारी सकाळी हरणाबाईनं विचारलं, "दोन का तीन?" मधू एवढ्या मोठ्यानं 'तीन' म्हणाला की ती म्हणाली, "आवं, बहिरी न्हाई मी."

नाथाजी वाळला होता. टोपीखालचे केस पार पिकलेले. येऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि तेवढ्यानंच मधूचे डोळे भरून आले. ताटं आली. दोन मटणाची, एक मसुराचं. नाथाजीनं आधीच तसं कळवलं होतं; वर्दी चढली नाही, नवस काही सुटला नव्हता. भाकरीचा पापुद्रा निघाला आणि मधूच्या ताटात पडला. आता याला हात लावायच्या आधी बोललं नाही तर आपण माणूस नाही, असं मधूला झालं.

"नाथा, त्या बुधवारी तुझ्या मसुरात रस्सा मी ओतला होता."

"आयडिया माजी हुती," गुंडा घाईघाईनं म्हणाला. "मला दोन जोडं मार, ह्याला एक मार."

नाथाजीनं भाकरी खाली ठेवली. चिडला नाही, दचकलाही नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "पैल्या घासालाच कळलं हुतं."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबावं वाटंना." तो भिंतीकडेच बघत होता. "दोन वर्सं झाली हुती मधू. जिभंला लागला आन् हात आवरंना. मनात म्हनलं, घातलाय ह्यांनी, मी कुटं घातलाय? पाप ह्यांच्या माथी. आसं म्हनत म्हनत वाटी पुसली. वर आनि एक मागितली. ती साधी आली. तर ती साधी हाय म्हनून मला वाईट वाटलं, बग. देवाचं भ्या न्हाई वाटलं, वाईट वाटलं."

हरणाबाई गरम भाकरी घेऊन आली आणि तिघांची तोंडं बघून तशीच परत गेली.

"तुमच्यावर राग न्हवता रं," नाथाजी म्हणाला. "तुमच्याम्होरं बसलो आस्तो तर सांगावं लागलं आस्तं. ते जमंना. पोराचं दोन शेकंद गेलं न्हाईत मधू. मीच खाल्लं ते."

"वेड्यासारखं बोलू नकोस. रश्श्यानं कुणी मागे राहतं का?"

"ते मलाबी कळतंय. पन परवा मांडवाचं बांबू बांदताना पोरगं मला काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, अन्ना, तुमी माज्यापायी दोन वर्सं जीब मारली, आन् मी दोन शेकंदाला कमी पडलो. लगीन व्हायच्या आदी एकदा माफ केलं म्हना." नाथाजीनं भिंतीवरची नजर मधूकडे वळवली. "सा वर्सं त्ये पोरगं माजी माफी मागतंय. आन् मी ती घितोय."

मधूला वाटलं होतं, नाथाजीनं शिव्या दिल्या की मोकळं होऊ. आता मोकळं व्हायचं होतं ते आपल्याला नव्हे, नाथाजीला, हे त्याला दिसलं. सहा वर्षं आपण दोघंही याला दुखावलं म्हणून झुरलो, आणि हा बिचारा आपल्यालाच तोंड दाखवायला लाजत तिकडं एकटा बसला. एक फोन सहा वर्षांपूर्वी केला असता तर! मधूला स्वतःची अशी चीड आली की ताट बाजूला सारावंसं वाटलं.

"फोन लाव त्याला," तो म्हणाला.

"आत्ता? दुधाच्या फेरीवर आसंल त्यो."

"आत्ता. नाहीतर तू घरी जाशील आणि शेळी आजारी पडेल."

गुंडाला अशा वेळीही हसू आलं. नाथाजीनं नंबर काढला. नीट ऐकू येत नाही म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो ताटाशेजारी ठेवला. टेम्पोचा घरघराट आला, मग थांबला.

"काय अन्ना? जेवला का?"

"साईराज," नाथाजी म्हणाला. "तुज्या भरतीच्या आदी चार दिस. मी रस्सा खाल्ला हुता. मटनाचा. समजून उमजून खाल्ला. तू कमी पडला न्हाईस बाबा. मीच पडलो. तुजी माफी मला नगं, माजीच तू..."

पलीकडे नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. गुंडा नखानं टेबल खरवडत होता. फोन कटला की काय म्हणून नाथाजीनं वाकून बघितलं.

"दोन वर्सांनी खाल्ला, व्हय?" साईराज शेवटी म्हणाला.

"व्हय रं."

"चव तरी बरी हुती का, अन्ना?"

नाथाजीनं टोपी काढून तोंडाला लावली. साठी उलटलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मधूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगा की," फोनवरचा आवाजही ओला झाला होता. "बरी हुती का?"

"लय," नाथाजी म्हणाला. "लय ब्येस हुती पोरा."

"मग आज खावा पोटभर. दूध घालून टेम्पो घिऊन येतो मी न्यायला. येस्टीनं यिऊ नगा."

फोन बंद झाला. मधूनं आपली रश्श्याची वाटी नाथाजीच्या पुढ्यात सरकवली, या वेळी त्याच्या डोळ्यांदेखत. नाथाजीनं भाकरीचा तुकडा मोडून त्यात बुडवला, पण हुंदक्यांनी घास त्याच्या तोंडापर्यंत जाईना. दोघं दोस्त आपापली जेवणं थांबवून त्याच्यासाठी बसून राहिले.