सर्वांना शांती वाटेपर्यंत

नव्या चर्चच्या कार्यालयाला लागून पाळकांची खोली आहे. तिची खिडकी रंग लावताना चिकटून गेली ती अजून उघडत नाही. त्या खोलीत आम्ही चौघं सकाळपासून बसलो होतो: पाळक, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेजारी वहिनी, समोर खजिनदारकाका आणि कोपऱ्यात मी. चर्चची पहिली दोन पगारी माणसं नेमायची होती. राखणदार अर्ध्या तासात ठरला. राहिलं होतं कार्यालयाचं काम.

ते काम तीन वर्षं मी बिनपगारी करत होते. सोमवारी मला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. सोमवारी गेले नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मिळणार होती. दादाला हे महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. "होईल गं," म्हणाला होता.

आमच्याकडे मतदान नसतं. उमेदवार बाहेर गेला की प्रार्थना होते आणि मग पाळक एकेकाला विचारतात, "शांती आहे?" म्हणजे देव मनातून होकार देतोय का. एकानं जरी नाही म्हटलं तरी निर्णय होत नाही. कारण विचारायचं नाही. नियमावली मीच लिहिली आहे.

पहिल्या दोन उमेदवारांच्या वेळी काकांना शांती नव्हती. तिसरी बाई अकरा वर्षं शाळेच्या कार्यालयात होती. तिनं आमची नोंदवही चाळली आणि विचारलं, "बाप्तिस्मे आणि लग्नं एकाच वहीत का लिहिता? शोधायला त्रास होत नाही?"

"आमच्यात असंच चालतं," वहिनी म्हणाली.

"वेगळ्या करायला दोन दिवस लागतील," बाई म्हणाली. मला तिचा हात धरावासा वाटला.

ती गेल्यावर वहिनीनं डोळे उघडले. "मला शांती नाही."

मी तिचा अर्ज फाईलमध्ये परत ठेवला.

"बाई हुशार आहे हो," वहिनी आपणहून म्हणाली, "पण घरचं माणूस ते घरचं माणूस."

"मग घरचंच घेऊ की," दादा म्हणाला. "पगारावर."

काका खूश झाले. "मला तर या पोरीबद्दल पहिल्या दिवसापासून शांती आहे. उगाच तीन लोकांना चहा पाजला."

"मलाही आहे," वहिनी म्हणाली.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "शांती?"

"नाही."

तीन वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला होता. दादा दुखावला नाही. त्यानं अर्जांची फाईल बांधली. "बरं. जबरदस्ती नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाहिरात देऊ."

"आणि तोवर?"

"तोवर काय? कलम सात."

कलम सात मला पाठ होतं: निर्णय होईपर्यंत आहे तीच व्यवस्था चालू राहील. ते लिहिल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते. मधे कुठे फट राहायला नको, असं वाटलं होतं. आहे ती व्यवस्था म्हणजे मी, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

"दादा, मी सोमवारपासून येणार नाही."

"हाही निर्णयच झाला," तो शांतपणे म्हणाला. थट्टा करत नव्हता. तसा त्याचा स्वभावच नाही. "सगळ्यांना विचारू या. शांती आहे?"

"मला नाही बाई," वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांनी असं कोण सोडून जातं?"

काका बुटांकडे पाहत होते. "मलाही नाही, पोरी. राग मानू नकोस."

"मलाही नाही," दादा म्हणाला आणि त्यानं समारोपाच्या प्रार्थनेसाठी हात जोडले. मी डोळे मिटले नाहीत. नोकरी माझी, पाय माझे, दार तीन पावलांवर. उठून जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नुसतं उठायचं होतं.

प्रार्थना चालू असतानाच बाहेर कार्यालयातला फोन वाजायला लागला. दादा वाक्याच्या मधेच थांबला. डोळे मिटलेले तसेच ठेवून तिघंही वाट पाहत राहिली.

चौथ्या घंटीला मी उठले, बाहेर गेले आणि रिसीव्हर उचलला.

"चर्च कार्यालय," मी म्हटलं. "बोला."