ताण्याचा धागा

मोहाडीकडच्या आमच्या गावात कोष्ट्यांच्या घरोघरी कोशाचा रेशमी धागा निघतो, पण माझ्या मायच्या धाग्याची बातच वेगळी होती. उकळलेले पाच कोसे पुढ्यात ठेवायचे, पाचांची तार एकत्र ओढायची आणि लुगडं वर खोवून मांडीवर तळहाताने वळायची. साऱ्या बायका हेच करतात. त्यांचा धागा मागावर आडवा, बाण्यात जातो. उभ्या ताण्याला ओढ सोसावी लागते, तिथे गाठ चालत नाही की जाडबारीक चालत नाही. कोसे देणारे शेठ ताण्यासाठी आमच्या गल्लीतून फक्त जनाबाईचा, म्हणजे माझ्या मायचा, धागा न्यायचे. त्यातलाच थोडा बाबांच्या मागावर चढायचा.

मी चंद्रकांता. आठवीपर्यंत मला वर्गात उभं केलं की पायाच्या अंगठ्याने फरशी कोरायची, बस. नववीत श्यामराव गुरुजींनी एकदा धडा वाचायला लावला आणि म्हणाले, हिचा आवाज तर शेवटच्या बाकापर्यंत जातो. झालं! तेव्हापासून प्रार्थना मी सांगणार, पाहुण्यांचे आभार मी मानणार, विहिरीवर कोणाचं भांडण लागलं तर तेही मीच सोडवणार. बाबा मागावरून म्हणायचे, "बरं झालं, रेडिओ घ्याचं काम नाही पडलं."

मायला तीन वर्षांपासून झोपेची गोळी होती. शहात्तर साली नसबंदीच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं, जखम भरली, पण झोप गेली ती गेलीच. बाजाराच्या गावच्या डॉक्टरांनी गोळी दिली. रोज रात्री एक. मग ती पडल्या पडल्या झोपायची.

सप्टेंबरात गुरुजींनी व्यसनांवर धडा घेतला. दारू, बिडी, अफू, आणि शेवटी झोपेच्या गोळ्या. असली सवय एका दिवसात तोडायची असते, असं ते म्हणाले. मी दप्तर न ठेवताच मायला सांगून टाकलं की तुला व्यसन लागलं आहे. ती हसली. मी काही पिच्छा सोडला नाही. जेवताना, कोसे निवडताना, पाणी भरताना तेच. आठव्या दिवशी ती म्हणाली, "फेक बाई ते गोळ्या, पण आता चूप बस." मी पुडी चुलीत टाकली. बारा गोळ्या होत्या.

दोनच दिवसांनी गांधी जयंतीची भाषणं होती. सारं गाव आलं होतं, शेठही खुर्चीवर होते. दारूवर सगळेच बोलले. मी माइक धरून सांगितलं की माझ्या आईने तीन वर्षांची झोपेची गोळी एका दिवसात सोडली, मग तुम्हाला काय अवघड आहे? टाळ्याच टाळ्या. पहिला नंबर आणि शाईचा पेन. माय बायकांत पुढेच बसली होती. लुगड्याखाली तिचे पाय सारखे हलत होते. मला वाटलं, आनंदाने.

तो आनंद नव्हता. दिवेलागण झाली की तिच्या पायांत सुरू व्हायचं. दुखत नाही म्हणायची. "हाडाच्या आतून मुंग्या चालून राहिल्या," म्हणायची. चालली की थांबत, बसली की पुन्हा उठत. ती उभ्यानेच जेवू लागली. रात्रभर दारापासून मागापर्यंत आणि मागापासून दारापर्यंत तिच्या जोडव्यांचा आवाज यायचा. लसूण घालून तेल चोळलं, गार पाणी ओतलं, जुन्या पातळाच्या चिंध्यांनी पोटऱ्या करकचून बांधल्या. शेजारच्या ताराबाई डोकावून जायच्या. बसून पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते म्हणायच्या आणि वरून विचारायच्या, "काय व जनाबाई, बसल्या बसल्या कोण्या गावाला चालली?"

झोप नाही म्हणून मग पाय दिवसाही स्थिर राहीनात. धागा वळता वळता मांडी उडायची, आणि जिथे उडाली तिथे धाग्याला गाठ. बाबांच्या मागावर ताणा तुटला. त्यांनी जोडला. पुन्हा तुटला, पुन्हा जोडला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा ते मागाच्या खड्ड्यातून उठले, बाहेर जाऊन बिडी ओढत बसले.

रविवारी शेठ आले. त्यांनी मायचा धागा दोन नखांत धरून हातभर ओढला, थांबले, पुन्हा ओढला. मग लडी बाजूला ठेवून म्हणाले, "जनाबाई, या खेपेला तुमच्याकडं बाण्याचे कोसे ठेवतो." तेवीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ताण्याचे कोसे त्यांनी ताराबाईंच्या सुनेकडे दिले. मायने मान हलवली. तेव्हाही ती उभीच होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मी म्हटलं, मी गोळ्या घेऊन येते.

"आता कोण्या तोंडानं आणू?" माय म्हणाली. "तू तं माइकवर सांगतलं."

ती रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं आता. पण तिने ते मीठ संपलं म्हणावं तसं सांगितलं.

शनिवारी शाळा सकाळची होती. तिथूनच मी तळ्याच्या पाळीवरून बाजाराच्या गावाला निघाले. दोन्हीकडे धान निसवलं होतं. वाटभर ठरवत होते की डॉक्टरांच्या कानात हळूच सांगू. दवाखान्यात बाकावर ताराबाई नातवाला घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे खोकत बसलेले खुद्द श्यामराव गुरुजी. माझा नंबर आला. डॉक्टरांनी आपल्या टेबलावरूनच विचारलं, काय होतं? मी पायाच्या अंगठ्याने फरशी कोरली. मग शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात बोलले.

"मायच्या गोळ्या मी जाळल्या. तिचे पाय जागेवर राहत नाहीत. भाषणात मी खोटं सांगितलं, तिने सोडली नाही, मी सोडवली."

डॉक्टर चिडले. तीन वर्षांची गोळी अशी एकाएकी तोडतात का? आधी अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड, असे महिने लागतात. गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "एका दिवसात तोडा म्हणून मीच सांगतलं होतं, पोरी," ते म्हणाले. मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. नाही वाटलं.

घरी पुडी दिली तेव्हा मायने एवढंच विचारलं, कोणी पाहिलं? मी म्हटलं, सगळ्यांनी. तिने अडकित्ता घेतला, गोळीचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला, एक पुडीत बांधला.

आता ती रात्री दोन-तीन तास झोपते. दिवेलागणीला पाय उठतातच. मग ती भिंतीला टेकून पाय पसरते, मी आधी तिच्या पायांना हात लावून नमस्कार करते आणि तिच्या पोटऱ्यांवर बसून मोठ्याने इतिहास वाचते. माझ्या वजनाने पायांना बरं वाटतं म्हणते. ते माझ्याखाली फडफडतात, थांबतात, पुन्हा फडफडतात. होळीपर्यंत कमी होईल असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या मागावर आता ताराबाईंच्या सुनेचा ताणा आहे. ते सकाळी त्यावरून तळहात फिरवतात आणि मायकडे बघत नाहीत.

काल शाळेतून आले तर माय धागा वळत होती. तिने हातभर तोडून माझ्या हातात दिला. "गाठी किती ते सांग," म्हणाली. मी डोळे मिटून दोन नखांत ओढला. दोन, म्हटलं.

"तीन आहेत," माय म्हणाली, आणि पुढचा वळायला घेतला.