आत्याच्या अपिलाची तारीख

“साहेब, न्यायमंडळ एका गावातून उठून दुसऱ्या गावी गेलं, तर ज्यांचे खटले असतात त्यांना कोण सांगतं?”

विचारलं एकदाचं! “तू नुसती तोंडाची शूर. सगळ्या शाळेसमोर विचारून दाखव,” असं माझ्या वर्गातल्या कमल आणि शोभा म्हणाल्या होत्या. नव्या मध्य प्रदेशात जमिनीच्या अपिलांसाठी नवं न्यायमंडळ निघालं, त्यातले एक साहेब भोपाळहून आमच्या शाळेत भाषणाला आले होते. अर्धा तास ‘नया प्रांत, नया न्याय’ चाललं होतं आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

सरुआत्यामुळे. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला, ती आमच्याकडे राहायला आली आणि तिच्या दिराने, लोटूने, तापीकाठच्या तिच्या शेतावर आपलं नाव चढवलं. तिचं अपील नागपूरला होतं, तारीख जानेवारीची. त्याआधीच नोव्हेंबरात राज्यं बदलली; नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि राजधानी झाली भोपाळ. तारखेला बाबा नेहमीसारखे भुसावळला गाडी बदलून नागपूरला गेले. बुऱ्हाणपूरचा माणूस अपिलाला आणखी जाणार कुठे? तिथला शिपाई म्हणाला, “तुमच्याकडच्या खटल्यांचे गठ्ठे तर कधीच भोपाळला गेले!” त्याच दिवशी भोपाळला आत्याच्या नावाचा पुकारा झाला. कोणी हजर नाही. अपील खारीज!

साहेब हसून म्हणाले, “बेटी, गजट में छपा था.”

“गजट आमच्या बुधवारा बाजारात कुठल्या दुकानात मिळतं, साहेब?”

पोरी फिसकन हसल्या. मोठ्या बाईंनी डोळे वटारले. मला मात्र रडू फुटेल की काय असं झालं. “हसू नका गं! माझ्या आत्याचं शेत गेलंय.”

साहेबांचं हसू मावळलं. “हुकूम मिलने के तीस दिन में अर्जी दो. क्यों नहीं आए, सच-सच लिखो. मामला फिर खुल सकता है.”

हुकूम येऊन बारा दिवस झाले होते. मी घरी पळत आले, पण बातमी माझ्या आधी पोचली होती.

“साहेबापुढे माझी अब्रू काढलीस?” बाबा गरजले. “मी, गिरधर मास्तर, चुकीच्या गावी गेलो, हे आता सरकारी कागदावर लिहून देऊ? लोटू गावभर हसेल!”

“हसू दे! गठ्ठे हलवताना एक कार्ड टाकायला काय झालं होतं त्यांना? ते चुकले आणि लाज तुम्हाला?”

“मालू, हळू बोल,” आई म्हणाली. “वन्संना आपण काय उपाशी ठेवतो? शेत कशाला हवं आता?”

आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “मला हवंय, वहिनी,” ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच बोलली ती यावर.

 मी कागद-दौत घेऊन आत्याशेजारी बसले.

“ऐका दोघं. अर्ज मी लिहिणार, हिंदीत. तुम्ही नागपूरला गेला होतात, हे पहिल्याच ओळीत लिहिणार. खाली आत्याचा अंगठा घेणार. आणि सोमवारच्या गाडीने तिला घेऊन मी भोपाळला जाणार. तुम्ही आलात तर बरं. नाहीतर आम्ही दोघी जाऊ.”