तालमीतला चावीवाला

पोलीस ठाण्यातल्या कुणाच्या हातून गोळी सुटली, की चौकशीच्या आदल्या दिवशी तालीम व्हायची. तिला तालीम म्हणायचं मात्र नाही, 'उजळणी' म्हणायचं. टेबलं भिंतीला लागायची, मोठे साहेब खुर्ची ओढून बसायचे आणि मेलेल्याचं काम जीपच्या ड्रायव्हरकडे असायचं. बिचारा इतक्या वेळा मेला होता, की आता पडताना कोपर सांभाळून पडायचा.

या वेळची उजळणी फौजदारांची होती. माणूस सरळ, बोलायला मऊ, नोकरीला डाग नाही. बंद घराशी चोर खटपट करतोय असा शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा ड्रायव्हरला खाली जीपमध्ये ठेवून ते एकटेच वर धावले. जिन्यात अंधार होता. एक तरुण हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराशी उभा होता. फौजदार ओरडले, त्याचा हात वर उठला, यांनी गोळी झाडली. तो चोर नव्हता. घरमालकानेच कुलूप उघडायला बोलावलेला चावीवाला होता.

तो अंगावर आला म्हणून गोळी झाडली, एवढं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि स्वतःलाही. त्या एका वाक्याच्या आधाराने माणूस कसाबसा उभा होता.

साहेबांनी क्रम समजावला. आधी इशारा, मग हल्ला, मग गोळी. ड्रायव्हरने स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगावर धावून जायचं होतं.

"पोलीस! हात वर कर!" फौजदार ओरडले. ओरडले ते अगदी खरोखरीचे.

ड्रायव्हरचे दोन्ही हात झटकन वर गेले, उजव्यात स्क्रू ड्रायव्हर तसाच. सगळे खो खो हसले. तुला धावून जायचंय, शरण नाही जायचं, म्हणून साहेब करवादले.

ड्रायव्हर ओशाळला. "चुकलं साहेब. पण हे असे ओरडले, की हातातलं टाकायचं सुचलंच नाही."

फौजदार ड्रायव्हरच्या वर गेलेल्या हातांकडे बघत राहिले. जिन्यात त्या तरुणाचाही दुसरा हात वर गेला होता. तो त्यांनी तेव्हाच पाहिला होता. त्याचा विचार करायची हिंमत मात्र आजवर झाली नव्हती.

ते साहेबांशी बोलले. साहेब काही वाईट नव्हते. आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, एवढंच ते आयुष्यभर शिकले होते. अंधार होता, गेलेला परत येत नाही, हे बोललात तर नोकरी जाईल आणि तुरुंगही चुकणार नाही, असं त्यांनी कळवळून सांगितलं. नोकरी गेली तर तुझं कसं होईल, असं ते घरी म्हणाले, तेव्हा बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव पुढे करून खोटं बोलू नका," ती म्हणाली.

चौकशीच्या खोलीत समोरच्या बाकावर चावीवाल्याचे वडील बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. पोरगं पोलिसाच्या अंगावर गेलं म्हणून मेलं, असं गल्ली बोलत होती, आणि म्हाताऱ्याने दारात उभं राहणंही सोडलं होतं. चौकशी अधिकारी बाईंनी फौजदारांना विचारलं, त्याने हल्ला केला का?

"नाही बाई. मी हात वर करायला सांगितलं, त्याने केले. हातातलं खाली टाक, हे मी सांगितलंच नाही. आणि गोळी झाडली."

मोठ्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. फौजदारांना वाटलं, आता म्हातारा शिव्या देईल. त्यांनी त्याची तयारीही केली होती. म्हातारा बाकाला धरून उठला.

"म्हणजे त्यानं तुमचं ऐकलं होतं?"

"हो काका. लगेच ऐकलं होतं."

म्हाताऱ्याने वळून खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. "पहिल्यापासून ऐकणारा होता हो तो," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.